जुन्या वाड्याचा आणि घराण्याचा इतिहास कसा लिहावा

कोल्हापूर परिसरातल्या बहुतेक जुन्या घरांत "आमचा वाडा तीनशे वर्षांचा" हे वाक्य ऐकायला मिळते. इतिहास लिहू इच्छिणाऱ्याने ते वहीत टिपून ठेवावे, पण आरंभ प्रत्यक्ष वाड्यापासून करावा. ढेलजेपासून (दर्शनी प्रवेशाच्या जागेपासून) मागच्या परड्यापर्यंत चालत जाऊन प्रत्येक सोप्याचे खण, म्हणजे दोन खांबांमधली अंतरे, मोजावेत, कोणत्या तुळया मूळच्या आणि कोणत्या नंतर बसवलेल्या ते पाहावे, आणि कच्चा का होईना, नकाशा काढावा. माझ्या आजोळी देवघराच्या चौकटीवरचे तेलरंगाचे थर उतरवले, तेव्हा गणेशपट्टीखाली "शके १८१२" ही अक्षरे दिसली. म्हणजे ती चौकट इ. स. १८९० ची, शाहू महाराजांच्या राज्यारोहणाच्या चार वर्षे आधीची. मागच्या माजघराच्या हातभर जाडीच्या मातीच्या भिंती मात्र पुढच्या विटकामाशी कोठेच सांधलेल्या नव्हत्या. वाडा दोनदा बांधला गेला होता, आणि हे घरातल्या कोणालाही ठाऊक नव्हते.

त्यानंतर कागदांकडे वळावे. रुमालात बांधलेली दप्तरे सोडताना कागद ज्या क्रमाने ठेवलेले असतील तोच क्रम राखावा, कारण पूर्वजांनी कोणता कागद कशाजवळ ठेवला हीसुद्धा एक नोंदच असते. पंचगंगेच्या पुरात भिजलेले कागद उन्हात टाकू नयेत, सावलीत सुकवावेत. चिकटपट्टी आणि लॅमिनेशन यांचा मोह कटाक्षाने टाळावा. मोडी स्वतः शिकावी किंवा जाणकाराकडून लिप्यंतर करून घ्यावे, पण कालगणना स्वतःच ताडून पाहावी. शकात ७८, फसली या महसुली सनात ५९० आणि जुन्या मराठी कागदांत अरबी अंकशब्दांनी लिहिलेल्या शुहूर सनात ५९९ मिळवले की इसवी सन येतो. फसली आणि शुहूर ही वर्षे मृग नक्षत्राला, जूनच्या आरंभी, सुरू होत असल्याने जानेवारीपासून मृगापर्यंतच्या तारखांसाठी, आणि शकात जानेवारीपासून चैत्र पाडव्यापर्यंतच्या तारखांसाठी, आणखी एक मिळवावा लागतो. "इहिदे सितैन मया व अलफ" म्हणजे शुहूर ११६१. पानिपतची लढाई याच वर्षातली, जानेवारी १७६१ ची.

स्कॉटलंडमधल्या जुन्या हवेल्यांचा इतिहास लिहिणाऱ्यांना १६१७ पासूनची मालमत्ता-हस्तांतराची सरकारी नोंदवही हाताशी असते. आपल्याकडे तोच माग अनेक ठिकाणांहून जुळवावा लागतो. नगर भूमापन कार्यालयातील मिळकत पत्रिका, तलाठ्याकडील जुने फेरफार (जमिनीच्या हक्कबदलाच्या नोंदी) आणि घरातली वाटणीपत्रे एकमेकांशेजारी ठेवून वाचावीत. संस्थानकालीन इनाम-वतनांच्या कागदांसाठी कोल्हापूरच्या पुराभिलेखागारात अर्ज करावा. १९१८ साली शाहू महाराजांनी कुलकर्णी वतने खालसा करून पगारी तलाठी नेमले, त्यामुळे त्याआधीचा गावचा हिशेब एखाद्या जुन्या कुलकर्ण्यांच्या माळ्यावरही सापडू शकतो. गांधीहत्येनंतरच्या १९४८ च्या जाळपोळीत अनेक वाड्यांची दप्तरे नष्ट झाली. तेथे ती उणीव लेखनात स्पष्ट नोंदवावी, तर्काने भरून काढू नये.

वंशावळ लिहिताना सर्वांत जपण्याची जागा म्हणजे दत्तकविधान. कागलच्या घाटगे घराण्यातले यशवंतराव १८८४ मध्ये करवीरच्या गादीवर दत्तक आले आणि शाहू छत्रपती झाले. इचलकरंजीच्या संस्थापकांनी, मूळचे जोशी असूनही, संताजी घोरपडे यांच्या घराण्यावरील निष्ठेने घोरपडे हे आडनाव घेतले. राजघराण्यांत घडले ते साध्या घरांतही घडत आले आहे, म्हणून रक्ताची रेषा आणि वारशाची रेषा वेगवेगळ्या रंगांनी काढावी. घरात आलेल्या सुना आणि दिलेल्या लेकी यांची माहेर-सासरची दोन्ही नावे लिहावीत. छापील वंशावळींत त्या क्वचितच असतात, पण विहीर कोणाच्या हातून खणली गेली, माडी कोणत्या लग्नासाठी चढवली, हे मला तरी आजवर म्हाताऱ्या आत्यांकडूनच कळले आहे.

याच टप्प्यावर हेळव्याची भेट घ्यावी. पूर्वी बैलावर बसून दारी येणारे हेळवी पिढ्यान्‌पिढ्या ठरलेल्या घराण्यांची कुळी सांगतात. आपल्या घराचा हेळवी कोणता, हे भावकीत विचारून काढावे, तो आला की सोप्यात मानाने बसवावे, रीतीप्रमाणे धान्य आणि दक्षिणा द्यावी आणि तो बोलत असताना मध्येच दुरुस्ती सुचवू नये. त्याने सांगितलेली नावे आधी जशीच्या तशी उतरवून, मगच ती वाटणीपत्रांशी पडताळावीत.