केपलरची मंगळाची कक्षा घरी कशी काढायची

जाड पुठ्ठ्यावर कागद ठेवा, त्यात दोन टाचण्या १.९ सेंमी अंतरावर टोचा आणि दोऱ्याला गाठ मारून एकूण २१.९ सेंमी घेराचा लूप करा, गाठ सरकली की सगळं बिघडतं म्हणून आधी ओढून बघा. लूप दोन्ही टाचण्यांभोवती टाका, पेन्सिलीने दोरा ताणून गोल फिरवा. झाली कक्षा! एक टाचणी म्हणजे सूर्य, दुसऱ्या जागी काहीच नाही.

आता पट्टीने मोजा. लांबी २० सेंमी, रुंदी जेमतेम १ मिमी कमी, डोळ्यांना वर्तुळच वाटतं! पण सूर्यापासून एक टोक साधारण ९ सेंमी, दुसरं ११. खगोलशास्त्रज्ञ टायको ब्राहेने दुर्बिणीशिवाय घेतलेल्या मंगळाच्या नोंदी खगोलशास्त्रज्ञ केपलरकडे होत्या, वर्तुळं धरून केलेलं गणित त्यांच्याशी ८ कलांनी (एक कला म्हणजे अंशाचा साठावा भाग) चुकत होतं, म्हणजे चंद्राच्या रुंदीच्या साधारण पाव, कुणीही सोडून दिलं असतं पण केपलरने नोंदींवर विश्वास ठेवून गणितच नव्याने मांडलं आणि १६०९ मध्ये मंगळाची कक्षा लंबवर्तुळ, म्हणजे असंच किंचित चपटं वर्तुळ, आहे असं छापलं. मला हे खरंच फार ग्रेट वाटतं.

मुलांना चपटेपणा दाखवायचाय तर बुध घ्या, टाचण्या ४.१ सेंमीवर, लूप २४.१ सेंमी.