स्तनाच्या गाठीच्या अहवालातील ‘हर-टू’ची ओळ कशी वाचावी

बायोप्सीनंतर हाती येणाऱ्या आयएचसी (पेशींतील प्रथिने रंग चढवून दाखवणारी चाचणी) अहवालात बहुधा ईआर, पीआर (संप्रेरकांना प्रतिसाद देणारी प्रथिने), हर-टू आणि केआय-६७ (पेशी किती वेगाने वाढतात याची खूण) ही चार नावे असतात. त्यांपैकी पेशीच्या पृष्ठभागावरचे प्रथिन एकटे हर-टू. बाकीची तिन्ही पेशीच्या केंद्रकात तपासली जातात. म्हणूनच हर-टूसाठी पॅथॉलॉजिस्ट पेशीच्या कडेवर तपकिरी रंग किती गडद आणि किती अखंड चढला आहे, ते पाहतात.

प्रथम गुण पाहावा. ० आणि १+ म्हणजे निगेटिव्ह; ३+ म्हणजे १० टक्क्यांहून अधिक कर्कपेशींभोवती गडद, अखंड कडे दिसले, म्हणजे पॉझिटिव्ह. घोटाळा होतो तो २+ पाशी. त्याला ‘थोडेसे पॉझिटिव्ह’ समजणे चूक आहे. तो अनिर्णित निकाल असून, जनुकाच्या प्रती मोजणारी फिश चाचणी झाल्यावरच त्याचा निवाडा होतो. ० आणि १+ दोन्ही निगेटिव्ह असले, तरी त्यांपैकी कोणता हे टिपून ठेवावे, कारण आजार अन्यत्र पसरला असेल तर १+ किंवा फिश-निगेटिव्ह २+ असलेल्यांसाठी ट्रास्टुझुमॅब डेरक्सटेकान या औषधाचा विचार आता होऊ शकतो.

३+ वाचून घरचे हबकतात. अशी गाठ मुळात आक्रमक असते हे खरे. पण १९९८मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेले ट्रास्टुझुमॅब हे औषध नेमके याच प्रथिनाला धरते, आणि त्यानंतर या रुग्णांचे भवितव्य बरेच सुधारले.

गुण कितपत विश्वासार्ह, हे मात्र तुकडा कसा जपला यावर अवलंबून असते. तो काढल्यापासून तासाभरात न्यूट्रल बफर्ड फॉर्मालिनमध्ये (तुकडा टिकवणाऱ्या द्रावणात) पडावा आणि त्यात ६ ते ७२ तास राहावा. गडचिरोली-गोंदियाकडून नागपूरला नमुना पाठवताना सलाइन चालत नाही, आणि डबीवर तुकडा काढल्याची वेळ लिहून घ्यावी, एवढा आग्रह नातेवाइकांनी जरूर धरावा.

दुसऱ्या मतासाठी नागपूरच्या तुकडोजी कर्करुग्णालयात, जामठ्याच्या नॅशनल कॅन्सर इन्स्टिट्यूटमध्ये किंवा मुंबईच्या टाटात जाताना नुसता कागद पुरत नाही. पॅराफिन ब्लॉक (मेणात बसवलेला तुकडा) आणि स्लाइड मागून घ्याव्यात. मे महिन्यात नागपूरचा पारा ४५ अंशांवर जातो, तेव्हा उन्हात उभ्या बंद गाडीत ब्लॉक ठेवू नये. मेण मऊ पडते. प्रयोगशाळेतून निघण्यापूर्वी ब्लॉकवरचा क्रमांक अहवालातील क्रमांकाशी तिथेच, खिडकीपाशी उभे राहून ताडून घ्यावा.