घरातल्या ज्येष्ठांना फोन शिकवताना या चुका टाळा

शिकवायला बसलं की पाचव्या मिनिटाला आपला हात पुढे जातो. "द्या इकडे, मीच करतो." काम होतं, शिकणं राहून जातं. फोन त्यांच्याच हातात राहू द्या आणि फक्त तोंडाने सांगा. "तिथे दाबा" असं मोघम नको. "उजवीकडे वर तीन ठिपके आहेत, ते दाबा" असं सांगा. वेळ लागतो. लागू द्या.

"स्क्रीन ऐकतच नाही" ही तक्रार उडवून लावू नका, ती बहुतेकदा खरी असते. आजच्या टचस्क्रीन बोटातून वाहणाऱ्या सूक्ष्म विद्युतभारावर चालतात. वयानुसार त्वचा कोरडी पडते आणि स्पर्श कधीकधी नोंदलाच जात नाही. मग माणूस बोट दाबून धरतो, फोन त्याला लाँग प्रेस समजतो आणि भलताच मेनू उघडतो. अँड्रॉइडमध्ये सेटिंग्जमधल्या अ‍ॅक्सेसिबिलिटीत 'टच अँड होल्ड डिले' वाढवा. आयफोनमध्ये 'टच अकोमोडेशन्स' पाहा. स्क्रीनवर वरून चिकटवलेली जाड संरक्षक काच काढून पाहा, बोटांना थोडं क्रीम लावून पाहा. निम्मं भांडण इथेच मिटतं.

अक्षरं मोठी करतानाही अतिरेक होतो. सगळ्यात मोठा आकार ठेवला की काही अ‍ॅपमध्ये 'पुढे'चं बटण स्क्रीनबाहेर जातं. एकेक पायरी वाढवा आणि रोजची अ‍ॅप उघडून बघा.

"काही बिघडणार नाही हो" एवढं म्हणून भीती जात नाही, कारण काही गोष्टी खरंच बिघडतात. पैसे पाठवणं, ओटीपी सांगणं, अनोळखी लिंकवरून अ‍ॅप घेणं: इथे थांबून विचारायचं. बाकी बहुतेक ठिकाणी चुकलं तर बॅक दाबायचं. धोका कुठे आहे हे कळलं की इतरत्र हात मोकळा चालतो.

आणि नातवाला सगळं येतं असं धरून चालू नका. आठवीच्या मुलांची संगणक व माहिती साक्षरता तपासणाऱ्या 2018 च्या आंतरराष्ट्रीय आयसीआयएलएस पाहणीत सर्वोच्च पातळी गाठणारी मुलं जेमतेम 2 टक्के होती. बोटं झरझर चालणं वेगळं, समोरची माहिती खरी की खोटी हे ओळखणं वेगळं. पासवर्ड आणि बँकेची अ‍ॅप त्याच्यावर सोपवू नका.

पायऱ्या वहीत लिहायच्या तर शिकणाऱ्याच्याच अक्षरात आणि त्याच्याच शब्दांत. अपडेटनंतर बटणं हलली, तर ते पान दोघांनी बसून दुरुस्त करा.