दोन ऑपरेटिंग सिस्टिम, एक लॅपटॉप: इन्स्टॉलर उघडण्याआधीच्या चुका टाळा

भाच्याचा फोन आला तेव्हा मी पुण्याच्या तपकीर गल्लीत चार्जरची पिन शोधत उभा होतो. "मामा, लॅपटॉप निळा झालाय आणि ४८ आकडे मागतोय." इंजिनिअरिंगचं दुसरं वर्ष, प्रॅक्टिकलसाठी विंडोजशेजारी उबुंटू (लिनक्सचा एक प्रकार) हवं, आणि तेही एका रात्रीत. गंमत म्हणजे उबुंटूचा इन्स्टॉलर त्यानं अजून उघडलाही नव्हता. कुठल्याशा व्हिडिओत सांगितलं म्हणून बायोसमध्ये, म्हणजे लॅपटॉपच्या मूळ सेटिंग्जमध्ये, जाऊन सिक्युअर बूट (सही नसलेली सिस्टिम सुरू होऊ न देणारी सोय) तेवढं बंद केलं होतं.

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट संपला, तेव्हापासून घरोघरी "विंडोज राहू दे, पण शेजारी लिनक्स टाकून दे" असं सुरू झालंय. माझ्याकडे येणाऱ्या बिघडलेल्या लॅपटॉपांत लिनक्सनं घोळ घातलाय असे थोडे. विंडोजची नीट आवराआवर न करता पुढे गेलेलेच जास्त.

४८ आकड्यांची किल्ली

नव्या लॅपटॉपवर मायक्रोसॉफ्टच्या खात्यानं लॉग-इन केलं, की बऱ्याचदा डिस्कला आपोआप कुलूप लागतं. बिटलॉकर म्हणा किंवा सेटिंग्जमध्ये दिसतं तसं डिव्हाइस एन्क्रिप्शन म्हणा. रोजच्या वापरात ते जाणवत नाही, कारण टीपीएम नावाची सुरक्षा चिप ते गुपचूप उघडत असते. सिक्युअर बूटसारखं काही बदललं की चिप हात वर करते आणि विंडोज रिकव्हरी की मागतं.

ही की खात्यात असते. पण खातं कुणाचं? लॅपटॉप घेताना दुकानातच कुणीतरी घाईघाईत उघडून दिलेलं. मी कर्वेनगरला त्यांच्या घरी पोचलो, तासभर ईमेल धुंडाळण्यात गेला, आणि शेवटी ते ताईच्या नावावर निघालं. ताई साताऱ्याला. मग फोनवरून वाचन सुरू: सहा-सहा आकड्यांचे आठ गट. ताई सवयीनं जोड्या लावून वाचायला लागली, "एकोणसाठ, एकोणऐंशी…" आणि इंग्रजी माध्यमातला भाचा माझ्या तोंडाकडे बघतोय. शेवटी एकेक आकडा सुटा वाचायला लावला. यातल्या प्रत्येक गटाला ११ नं भाग जातो, त्यामुळे आकडा चुकला तर तो गट तिथल्या तिथे नाकारला जातो. तिसऱ्या गटापाशी आम्ही दोनदा अडलो.

तेव्हा कशालाही हात लावण्याआधी सेटिंग्जमध्ये एन्क्रिप्शन चालू आहे का बघा. की कागदावर उतरवून घ्या. त्याच लॅपटॉपवर फाइल करून ठेवली तर उपयोग शून्य. एकापेक्षा जास्त किल्ल्या दिसल्या तर निळ्या स्क्रीनवरचा की आयडी जुळवून बघा. मग एन्क्रिप्शन बंद करून ते पूर्ण उतरेपर्यंत चार्जर लावून थांबा. आणि सिक्युअर बूट बंद करायची बहुधा गरजच नसते. उबुंटू किंवा फेडोरासारख्या लिनक्सच्या बूट फाइलवर मायक्रोसॉफ्टच्या किल्लीची सही असते, त्यामुळे त्या चालतात. जुने व्हिडिओ अजून तेच सांगत बसलेत.

शट डाउन म्हणजे बंद नव्हे

दुसरी चूक जास्त छुपी आहे. विंडोजमध्ये फास्ट स्टार्टअप चालू असेल तर शट डाउन केल्यावर ते पूर्ण बंद होत नाही. गाभ्याची स्थिती डिस्कवर लिहून ठेवतं आणि झोपतं. थोडक्यात, अर्धी जेवलेली ताटं तशीच मांडून घरातली मंडळी बाहेर गेलीत. अशा वेळी लिनक्समधून तो ड्राइव्ह उघडायला गेलात तर तो फक्त वाचण्यापुरता उघडतो, किंवा उघडतच नाही. "फाइल दिसते, पण सेव्ह होत नाही" ही तक्रार आली की मी पुढचं काही विचारत नाही.

कंट्रोल पॅनेलमध्ये पॉवर ऑप्शन्स, तिथे पॉवर बटणांनी काय करावं तो भाग, आणि त्यातली फास्ट स्टार्टअपची खूण काढा. एकदाच हवं असेल तर शिफ्ट दाबून शट डाउन करा. रीस्टार्टला हा नियम लागू नाही, ते पूर्ण बंद होऊनच उठतं. म्हणून काही जणांना अडचण कधी येते, कधी येत नाही, आणि ते उगाच इन्स्टॉलरच्या पेन ड्राइव्हला दोष देतात.

जागा, आणि कुठली डिस्क कुठली

विंडोजच्या पार्टिशनमधली, म्हणजे डिस्कच्या त्याच्या वाट्यातली, जागा विंडोजच्याच डिस्क मॅनेजमेंटमधून कमी करा. मोकळी झालेली काळी पट्टी तशीच रिकामी राहू द्या. तिथे नवीन व्हॉल्यूम करून ठेवण्याचा उत्साह नको. लिनक्सला ५०-६० जीबी दिले तर वर्षभर तरी कुरकुर नाही.

इन्स्टॉलरमध्ये सी आणि डी अशी नावं नसतात, ती शोधू नका. डिस्क ओळखायची आकारावरून. सगळी डिस्क पुसणारा पर्याय तिथे अगदी सोज्वळ चेहऱ्यानं बसलेला असतो. सुरुवातीचं शंभरेक एमबीचं ईएफआय पार्टिशन (सिस्टिम सुरू करणाऱ्या फाइल्स तिथे असतात) दोन्ही सिस्टिमना सामाईक आहे, ते फॉरमॅट केलंत तर विंडोजचा दरवाजाच गेला.

यादीत नुसता पेन ड्राइव्हच दिसतोय, आतली एसएसडी गायब? इंटेलच्या लॅपटॉपवर बायोसमध्ये आरएसटी किंवा व्हीएमडी (डिस्क हाताळायच्या इंटेलच्या सोयी) चालू असण्याची शक्यता मोठी. ते थेट बदललं तर विंडोज सुरू होत नाही. आधी विंडोजच्या सिस्टिम कॉन्फिगरेशनमध्ये सेफ बूटची खूण करा, रीस्टार्ट करून बायोसमध्ये बदल करा, एकदा सेफ मोडमध्ये येऊ द्या आणि मग खूण काढा.

डेस्कटॉप असेल आणि यूपीएस नसेल तर गुरुवार टाळा. पुण्यात देखभालीसाठी वीज बहुधा त्याच दिवशी जाते, आणि पार्टिशन अर्धवट सरकलेलं असताना गेली तर डेटाचं काही खरं नाही. बॅकअप दुसऱ्या डिस्कवर घेतलाय ना, हे मी आता विचारतही नाही. घेतलाच पाहिजे.

पहाटेचे चार

सकाळी साडेनऊला विंडोज उघडलं आणि घड्याळात चार वाजलेले. विषाणू नाही, बॅटरीही गेलेली नाही. लिनक्स मदरबोर्डच्या घड्याळात जागतिक वेळ लिहितं, विंडोज तीच स्थानिक समजून वाचतं. फरक नेमका साडेपाच तासांचा, म्हणजे आपला. लिनक्सच्या टर्मिनलमध्ये ‘टाइमडेटसीटीएल’ या आदेशाचा ‘सेट-लोकल-आरटीसी’ पर्याय १ केला की भांडण मिटतं.

सुरू करताना निवडीची यादी न येता थेट विंडोज उघडलं तर बायोसच्या बूट क्रमात उबुंटू वर आणा. उलट झालं, यादी आली पण विंडोज दिसेना, तर ही यादी दाखवणाऱ्या ग्रब या प्रोग्रामच्या २०२१ मधल्या २.०६ आवृत्तीपासून दुसरी सिस्टिम शोधणारा ओएस-प्रोबर मुळात बंद असतो. ग्रबच्या सेटिंगमध्ये तो चालू करून यादी पुन्हा बनवा. विंडोज यूईएफआयमध्ये (सुरू होण्याची नवी पद्धत) आणि पेन ड्राइव्ह लेगसीत (जुनी पद्धत) सुरू केला असेल तरी हाच गोंधळ होतो.

सगळं जमल्यावरही तो पेन ड्राइव्ह पुसू नका. ऑगस्ट २०२४ मध्ये विंडोजच्या एका अपडेटनंतर अनेकांचं शेजारचं लिनक्स सिक्युरिटी पॉलिसीचा भंग झाल्याचं सांगत अडून बसलं होतं. त्यात वापरणाऱ्याची काही चूक नव्हती.

भाच्यानं सेमिस्टर संपल्यावर उबुंटूचं पार्टिशन विंडोजमधून सरळ डिलीट केलं आणि पुन्हा फोन केला: काळी स्क्रीन, वर ‘ग्रब रेस्क्यू’. सिस्टिम काढायचीच असेल तर आधी बायोसमध्ये विंडोज पहिल्या क्रमांकावर घ्या, ते सुरू होतंय याची खात्री करा, मग पार्टिशन उडवा. या वेळी मी गेलो नाही. फोनवरूनच बूट मेन्यूची कळ सांगितली, ती लॅपटॉपच्या कंपनीप्रमाणे एफ९, एफ१२ किंवा एस्केप असते, आणि तिथून त्याचं विंडोज उघडलं.