आधी रात्री मोजा, मग देश

आमच्या नणंदबाई डोंबिवलीहून यादी घेऊनच आल्या होत्या. लंडन, पॅरिस, ब्रसेल्स, ॲम्स्टरडॅम, स्वित्झर्लंड, व्हिएन्ना, व्हेनिस, रोम. दिवस पंधरा. या प्रवासासाठी ताईंनी आठ वर्षं पैसे साठवले होते, त्यामुळे त्या यादीवर सरळ काट मारणं मला जमणार नव्हतं. मी चौकटीची वही काढली, एका ओळीत एक रात्र अशा पंधरा ओळी आखल्या आणि म्हटलं, "ताई, प्रत्येक ओळीसमोर फक्त एवढंच लिहा, त्या रात्री आपण झोपणार कुठे?"

आठवी ओळ भरताना त्यांनी स्वतःच पेन खाली ठेवलं.

ठाण्यात राहणाऱ्याला यातलं गणित वेगळं शिकवावं लागत नाही. मी नौपाड्यातून दादरच्या शाळेत अठ्ठावीस वर्षं शिकवायला गेले. जलद लोकल ठाण्याहून दादरला अर्ध्या-पाऊण तासात नेते, पण घराच्या दारापासून शाळेच्या दारापर्यंत मला रोज सव्वा तास लागायचा. युरोपात तेच मोठ्या मापावर होतं. वेळापत्रकात व्हेनिस ते रोम सुमारे चार तास दिसतं. त्यात सामान भरणं, खोली सोडणं, स्टेशन गाठणं, फलाट शोधणं, उतरल्यावर नवा पत्ता शोधणं आणि खोली मिळेपर्यंत थांबणं धरा. मी प्रत्येक मुक्कामबदलाला वेळापत्रकातल्या आकड्यात अडीच तास मिळवते. आठ गावं म्हणजे सात बदल, आणि एका बदलाला कमीत कमी अर्धा दिवस. साडेतीन दिवस नुसते सामान ओढण्यात जातात, आणि त्यासाठीही आपण तिकिटाचे पैसे मोजलेले असतात.

शेवटी वहीत जे उरलं ते असं: स्वित्झर्लंडमधल्या लाउटरब्रुनेनला चार रात्री, ऑस्ट्रियातल्या इन्सब्रुकला दोन, इटलीच्या डोलोमाइट डोंगरांत चार, व्हेनिसला दोन, रोमला तीन. देश तीन, बिछाने पाच. जाताना झुरिकला उतरायचं आणि परतताना रोमहून विमान धरायचं. जाण्याचं आणि येण्याचं शहर वेगळं ठेवलं की परतीचा एक अख्खा दिवस वाचतो. विमान शोधताना 'मल्टी सिटी' हा पर्याय निवडायचा. किंमत बहुतेक वेळा एकाच शहराच्या जाण्यायेण्याच्या आसपासच असते. आणि तारीख दोनदा तपासा. मुंबईहून युरोपची बरीच विमानं मध्यरात्रीनंतर सुटतात. तिकिटावर ९ तारीख आणि वेळ १ वाजताची असेल, तर ठाण्याहून ८ तारखेलाच रात्रीचं जेवून निघायचं असतं.

हे सगळं आम्ही २०२५ च्या सप्टेंबरात केलं, गणपती विसर्जनानंतर. आपल्याकडे सुट्टी म्हटली की मे किंवा दिवाळी, पण आल्प्ससाठी दोन्ही वेळा अवघड. मे महिन्यात उंचावरच्या काही खिंडी अजून बर्फाखाली असतात, आणि दिवाळीच्या सुमारास डोंगरावरचे बरेच रोपवे उन्हाळी हंगाम संपवून बंद होतात, हिवाळी हंगाम सुरू व्हायला अवकाश असतो. नोकरीत होते तोवर मला हे कधी साधलं नसतं. ज्यांना सुट्टी जमवता येते त्यांनी जूनचा दुसरा पंधरवडा किंवा सप्टेंबर धरावा. मुलांच्या शाळेमुळे मेच असेल, तर डोंगराच्या रात्री कमी करून शहरांच्या वाढवा.

रात्रींचा हा तक्ता व्हिसालाही उपयोगी पडतो. तिन्ही देश शेंगेनमध्ये, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात आहेत, त्यामुळे व्हिसा एकच. पण अर्ज कुठल्या देशाकडे करायचा? जिथे जास्त दिवस राहणार त्या देशाकडे. दिवस सारखे असतील तर जिथे आधी उतरणार तिथे. आम्ही उतरणार झुरिकला होतो, पण इटलीच्या रात्री चार, दोन आणि तीन मिळून नऊ होत होत्या, म्हणून अर्ज इटलीकडे. ताईंच्या यादीतलं लंडन इथेच गळलं, कारण ब्रिटन शेंगेनमध्ये नाही, त्याचा व्हिसा वेगळा आणि खर्चही वेगळा. शेंगेनचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, उशिरात उशिरा पंधरा दिवस आधी. मोठ्यांची फी ९० युरो, वर अर्ज केंद्राचा आकार. प्रवास विमा निदान ३०,००० युरोंचा हवा. मे-जूनमध्ये भेटीच्या तारखा पटापट संपतात, म्हणून आम्ही चार महिने आधीच हालचाल केली.

पैसे कुठल्या क्रमाने गुंतवायचे हे फार महत्त्वाचं आहे. आधी रद्द करता येतील अशा खोल्या, मग व्हिसा, आणि व्हिसा हातात आल्यावरच परत न मिळणाऱ्या पैशांची स्वस्त रेल्वे तिकिटं. खोल्यांच्या तारखा आणि अर्जातला तक्ता यांत एका रात्रीचीही फट ठेवू नका.

आता रेल्वे. सगळे विचारतात, पास घ्यायचा का? आपल्यासारख्या युरोपबाहेरच्यांसाठी युरेल पास असतो. इंटररेल नावाचा पास तिथल्या रहिवाशांसाठी, तो चुकून घेऊ नका. पास कामाचा आहे तो सकाळी उठून आज कुठे जायचं ते ठरवणाऱ्यांना. आमच्या तारखा पक्क्या होत्या आणि लांबचे रेल्वेप्रवास मोजून पाच. शिवाय इटलीच्या वेगवान गाड्यांत पास असला तरी आरक्षणाचे पैसे वेगळे द्यावे लागतात. म्हणून आम्ही सुटी तिकिटं काढली, थेट त्या-त्या रेल्वेच्या ॲपवर. स्वित्झर्लंडची एसबीबी, ऑस्ट्रियाची ओबीबी, इटलीची ट्रेनइटालिया. लवकर काढलेलं तिकीट स्वस्त पडतं, पण ते त्याच गाडीला चालतं, गाडी चुकली की संपलं. म्हणून विमानतळावरून निघणाऱ्या पहिल्या प्रवासाचं तिकीट असं बांधील कधीच घेऊ नका. १२ ऑक्टोबर २०२५ पासून शेंगेनच्या सीमेवर बोटांचे ठसे आणि चेहऱ्याचा फोटो नोंदवण्याची नवी पद्धत सुरू झाली आहे, तिथे रांगेत किती वेळ जाईल हे आपल्या हातात नसतं.

स्वित्झर्लंडमध्ये आम्ही हाफ फेअर कार्ड घेतलं. महिनाभर रेल्वे, बस, बोट आणि बहुतेक रोपवेंना निम्मं भाडं. झुरिक विमानतळावरून इंटरलाकेन ओस्ट सव्वादोन तास, तिथून लाउटरब्रुनेन वीस मिनिटं. पण इंटरलाकेनहून निघालेली ही गाडी वाटेत त्स्वाइल्युचिनेन या स्टेशनात दुभंगते, काही डबे लाउटरब्रुनेनला जातात, उरलेले ग्रिंडेलवाल्डला. फलाट बरोबर असून भागत नाही, डब्यावरची पाटी वाचून चढायचं. चार रात्री तिथे का, असं ताईंनी विचारलं होतं. उत्तर त्यांना दुसऱ्याच दिवशी मिळालं, ढग दरीच्या तळापर्यंत उतरले होते. बर्फाच्या डोंगरावरचं युंगफ्राउयोखचं स्टेशन ३,४५४ मीटरवर आहे आणि तिकीट फार महाग आहे. ते आधी काढू नका. सकाळी वरचा कॅमेरा मोबाइलवर बघा, आभाळ मोकळं असेल तरच निघा. आम्हाला चारांपैकी दोन दिवस स्वच्छ मिळाले. एकाच रात्रीचा मुक्काम असता तर ताईंनी भिंतीसारखं धुकं पाहून परतीची वाट धरली असती.

झुरिकहून इन्सब्रुकची गाडी साडेतीन तासांची. ती वाटेत लिश्टेनश्टाइनमधून जाते. त्या इवल्याशा देशाचं नाव मी ताईंना खिडकीतून दाखवलं आणि त्यांनी ते डायरीत लिहून घेतलं. इन्सब्रुकहून ब्रेनर खिंडीवरून इटलीतलं बोल्झानो दोन तास. तिथे स्टेशनांवर जर्मन आणि इटालियन अशी दोन नावं असतात. बोल्झानोचं दुसरं नाव बोझेन. डोलोमाइटमधल्या ओर्टिसेई गावाला तर इटालियन, जर्मन आणि तिथली स्थानिक लादिन अशा तीन भाषांतली तीन नावं आहेत. ज्या नावाचं तिकीट काढलंय त्याची दुसरी नावंही वहीत लिहून ठेवा. व्हेनिसची दोन स्टेशनं आहेत, मेस्त्रे हे मुख्य भूमीवरचं आणि सांता लुचिया हे पाण्याकाठचं. दादर मध्य आणि दादर पश्चिम पुलाने जोडलेत, या दोघांच्या मध्ये समुद्रावरचा लांब पूल आहे.

मेगाब्लॉक तिकडेही असतो. रुळांचं काम बरेचदा उन्हाळ्यात काढतात, कधी एखादा मार्ग काही आठवडे बंद आणि त्याऐवजी बस. प्रवासाच्या आठवडाभर आधी प्रत्येक गाडी ॲपवर पुन्हा तपासा. इटलीत रेल्वेचा संप आधी जाहीर होतो, त्याच्या तारखाही बघा.

मोटार मात्र आम्ही पंधरा दिवसांपैकी चारच दिवस घेतली, आणि माझं ठाम मत आहे की तेवढीच घ्यावी. शहरात मोटार म्हणजे पार्किंगचा भुर्दंड. डोंगरात, जिथे गावागावांत दोन-चार तास थांबावंसं वाटतं, तिथे तिच्यासारखं सुख नाही. बोल्झानोला घ्यायची आणि बोल्झानोलाच परत द्यायची. एका देशात घेऊन दुसऱ्या देशात सोडली तर जबर आकार लावतात. सीमा ओलांडली की रस्त्याचे करही बदलतात. स्वित्झर्लंडच्या महामार्गांना ४० फ्रँकचा वर्षाचाच परवाना मिळतो, चार दिवसांचा मिळत नाही. ऑस्ट्रियात थोड्या दिवसांचा मिळतो, पण ब्रेनरच्या रस्त्याचा टोल वेगळा. इटलीत आपल्यासारखा नाक्यावर टोल. रेल्वेने सीमा ओलांडली की यातलं काही डोक्याला नाही.

आंतरराष्ट्रीय वाहन परवाना ठाण्याच्या आरटीओतून मिळतो. अर्ज नमुना ४ए, फी १,००० रुपये, मुदत वर्षाची. यांनी आणि मी दोघांनीही काढला, आणि त्यामुळेच वाचलो. मोटार यांच्या नावावर नोंदवली होती, पण परदेशात चालणारं क्रेडिट कार्ड माझ्या नावाचं. खिडकीवर सांगितलं, मुख्य चालकाच्या नावाचंच क्रेडिट कार्ड लागेल, अनामत त्यावरच अडकवतात, डेबिट कार्ड चालणार नाही. सगळी कागदपत्रं माझ्या नावावर फिरवण्यात दोन तास गेले आणि डोलोमाइटमधली मोटार मी चालवली. नोंदणी करतानाच हे जुळवा. ऑटोमॅटिक हवी असेल तर तेव्हाच मागा, तिकडे साधी गिअरची गाडी सर्रास देतात. भारतातला मूळ परवानाही बरोबर हवा. निघण्याआधी गाडीच्या चारही बाजूंचा, चाकांचा आणि काचांचा व्हिडिओ घ्या.

उजवीकडून चालवायची भीती वाटते, ती पहिल्या अर्ध्या तासाची. एकच खूण धरा: चालकाचा खांदा नेहमी रस्त्याच्या मधल्या रेषेकडे. आपल्याकडेही तसंच असतं, फक्त बाजू बदलते. गोल चौकात आत फिरणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं. घाटात चढणाऱ्या गाडीला वाट, हा कसाऱ्याचा नियम तिकडेही लागू. ओर्टिसेईपर्यंत पाऊण तास लागला, आणि दुसऱ्या दिवशी २,१२१ मीटरवरच्या गार्देना खिंडीत मी गाडी थांबवून नुसती उभी राहिले. आल्पे दि स्यूसीच्या पठारावर सकाळी ९ ते संध्याकाळी ५ खासगी गाड्यांना बंदी असते. त्यासाठी ओर्टिसेईहून रोपवे घ्या.

इटलीच्या जुन्या शहरांत 'झेड टी एल', म्हणजे बाहेरच्या मोटारींना मर्यादित प्रवेश असलेला भाग, अशी पाटी दिसली की आत शिरू नका. कॅमेरा नंबर टिपतो, दंड काही महिन्यांनी घरी येतो आणि मोटार देणारेही आपला वेगळा आकार कापतात. माझ्या भाच्याला असे दोन दंड आले, त्याला पाटीचा अर्थच माहीत नव्हता. पेट्रोलला तिकडे 'बेन्झिना' म्हणतात, डिझेलला 'गासोलिओ'. टाकीच्या झाकणाचा फोटो काढून ठेवा.

सामानाबद्दल मला कळकळीने सांगायचंय. तिकडे हमाल सहजासहजी मिळत नाहीत, आणि व्हेनिसमध्ये जवळजवळ प्रत्येक पुलाला पायऱ्या आहेत. निघण्याच्या आठवडाभर आधी भरलेली बॅग घेऊन ठाणे स्टेशनच्या पुलाचे जिने चढून-उतरून बघा, कुणाचीही मदत न घेता. ताईंनी ते केलं आणि घरी येऊन चार साड्या, दोन जोड चपला बाहेर काढल्या. दूध, तूप, खवा, मांस यांतलं काही युरोपात नेता येत नाही, तेव्हा पेढे आणि तुपातले लाडू घरीच ठेवा. आम्ही स्वयंपाकघर असलेल्या खोल्या घेतल्या, भाजणी, पोहे आणि मेतकूट नेलं. स्वित्झर्लंड आणि ऑस्ट्रियात रविवारी दुकानं बंद असतात, मोठ्या स्टेशनांतली तेवढी उघडी, म्हणून शनिवारीच भाजी आणि दही आणायचं.

पॅरिस राहिल्याची ताईंना हळहळ होती. परतल्यावर पंधरा दिवसांत त्या पुन्हा आल्या, या वेळी चौकटीची वही त्यांची स्वतःची होती. पॅरिस पाच रात्री, ॲम्स्टरडॅम तीन. मध्ये युरोस्टार ही वेगवान गाडी, सव्वातीन तासांच्या पुढे, आणि त्यावर अडीच तास मिळवलेले. मोटार नाही. अर्ज फ्रान्सकडे. मी फक्त एका ठिकाणी पेन्सिलने खूण केली: परतीचं विमान पॅरिसहून लिहिलं होतं, ते ॲम्स्टरडॅमहून केलं.