हीटसिंकची जुनी पेस्ट काढताय? आधी या चुका टाळा

उन्हाळा लागला की आमच्या पांढरकवड्याच्या बाजूला कॉम्प्युटर दुकानात यायला लागतात आणि तक्रार ठरलेली असते. "भाऊ, दहा मिनिटं चालते अन् आपोआप बंद होऊन जाते." ही तक्रार परवडली. न परवडणारी त्याच्या पुढची आहे: "व्हिडिओ पाहून पेस्ट बदलली नं भाऊ, तवापासून सुरूच नाही होऊन राहिलं." ही पेस्ट म्हणजे प्रोसेसर, मशीनची मुख्य चिप, आणि त्याच्यावर बसवलेला धातूच्या पात्यांचा हीटसिंक यांच्यामधला, उष्णता वर पोचवणारा लेप. पेस्ट वाळल्यामुळे मेलेला प्रोसेसर मी अजून पाहिलेला नाही. तापला की तो आधी वेग कमी करतो, तरी भागलं नाही तर मशीन बंद करून स्वतःला वाचवतो. पेस्ट काढताना मारलेले प्रोसेसर मात्र पाहिले आहेत.

त्यामुळे पहिली चूक म्हणजे पेस्टवर धावून जाणं. आपला मुलूख कापसाचा. दिवाळीनंतर जिनिंग सुरू झालं की रुईचे तंतू हवेत असतात आणि मशीनचा पंखा ते दिवसभर आत ओढत असतो. ते पंख्यावर दिसत नाहीत. पंख्याच्या खाली, हीटसिंकच्या पात्यांच्या तोंडावर त्यांचा जाड थर बसतो. वरून फुंकर मारून काही होत नाही, पंख्याचे स्क्रू काढून तो उचलावा लागतो. पुष्कळदा तेवढा थर बोटाने ओढून काढला की मशीन ठणठणीत होतं आणि पेस्टला हातही लावावा लागत नाही. साफ करताना पंखा बोटाने धरून ठेवा. हवेने गरगर फिरवायला पोरांना मजा वाटते, पण त्याने बेअरिंग जातं. आणि कॅबिनेट उचलून पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरवर नेऊ नका. त्याच्या टाकीत पाणी साचलेलं असतं, हवेसोबत ते आणि तेलाचे थेंब सरळ मदरबोर्डवर येतात.

आता ज्या चुकीने माझं डोकं फिरतं तिच्याकडे येतो: थंड मशीनचा हीटसिंक सरळ वर ओढणं.

जवळच्या एका गावात एक पोरगा ऑनलाइन सेवा केंद्र चालवतो. ऐन पीक विम्याच्या गर्दीत मशीन बंद पडायला लागलं, बाहेर सातबारा घेऊन लोकांची रांग. त्याने रात्री दुकान बंद केलं, सकाळी उघडल्या उघडल्या कॅबिनेट खोललं आणि हीटसिंकचे चारही स्क्रू काढून तो वर ओढला. "थोडा जोर लावला भाऊ, अन् फस्सकन निंघालं." निघालं ते प्रोसेसरसकट. रायझन प्रोसेसरचं, एएम४ सॉकेटचं मशीन; सॉकेट म्हणजे मदरबोर्डवरची प्रोसेसर बसवायची जागा. त्या प्रोसेसरला खाली १३३१ पिना असतात आणि सॉकेटचा लिव्हर, म्हणजे पिना पकडून ठेवणारी दांडी, बंद असला तरी वाळलेल्या पेस्टची पकड त्याच्यापेक्षा जास्त भरते. इथेच थांबला असता तरी निभावलं असतं. त्याने मात्र हीटसिंकला चिकटलेला प्रोसेसर तसाच, लिव्हर बंद असलेल्या सॉकेटवर ठेवून वरून दाबला.

माझ्याकडे आला तेव्हा एका कोपऱ्यातल्या पिना पार झोपलेल्या होत्या. भिंगाखाली धरून, ओळींमधून पातळ ब्लेड फिरवत एकेक उभी केली. एक पिन ब्लेड लागताच तुटली. मशीन आज चालतं, पण रॅमच्या एका बाजूचे स्लॉट कायमचे गेले. रांगेतले लोक त्या दिवशी दुसऱ्या केंद्रावर गेले ते वेगळंच.

माझी सवय सांगतो. खोलायच्या आधी मशीन चालू करून त्याला कामाला लावतो; एखादा जड गेम, नाहीतर मोठा व्हिडिओ. दहा-पंधरा मिनिटांत पेस्ट कोमट होऊन नरम पडते. मग बंद करून वायर काढायची, स्क्रू समोरासमोरचे थोडे थोडे ढिले करायचे आणि हीटसिंक डावीकडे-उजवीकडे हळूच फिरवायचा. वर ओढायचं नाव घ्यायचं नाही. पकड सुटली की हाताला कळतं, मग तो आपोआप उचलला जातो. मशीन सुरूच होत नसेल तर हेअर ड्रायरने हीटसिंक गरम करा. तरीही प्रोसेसर निघालाच, तर लिव्हर उभा करून, प्रोसेसर आणि सॉकेटवरची त्रिकोणाची खूण जुळवून तो नुसता ठेवायचा. स्वतःच्या वजनाने बसला तर बरोबर बसला. दाबावं लागतंय म्हणजे काहीतरी वाकलेलं आहे.

इंटेलच्या मशीनमध्ये प्रोसेसर लोखंडी झाकणाखाली धरलेला असतो, म्हणून तो असा निघत नाही. पण तिथे नाजूक तारा मदरबोर्डच्या सॉकेटमध्ये असतात. त्यात पेस्ट पडली म्हणून कान कोरायची काडी फिरवली, की कापूस त्या तारांना अडकतो आणि चार-पाच तारा वाकवूनच बाहेर येतो. प्रोसेसर जागेवर ठेवूनच वरचं पुसा. झाकण उघडायचं कारणच नाही.

पुसायचं कशाने? यावर तर खेड्यापाड्यात संशोधनच चालू असतं. पेट्रोल, रॉकेल, थिनर, गंज सोडवायचा डब्ल्यूडी-४० स्प्रे, नेलपॉलिश रिमूव्हर, सगळं लावून आणलेलं पाहिलं आहे. रॉकेल आणि डब्ल्यूडी-४० मागे तेलाचा पापुद्रा सोडतात. थिनर आणि रिमूव्हर प्लॅस्टिक खातात. पेट्रोलबद्दल काय बोलू, बंद खोलीत, शेजारी चालू एक्सटेंशन बोर्ड! लॉकडाऊनपासून उरलेलं सॅनिटायझरही नको. त्यात हात मऊ राहावे म्हणून ग्लिसरीन घालतात, ते उडून जात नाही, चिकट थर मागे राहतो. आयसोप्रोपिल अल्कोहोल घ्या, ९० टक्क्यांच्या वरचं. तालुक्याला जायचीही गरज नाही; गावातल्या मोबाईल दुरुस्तीवाल्याकडे 'आयपीए' नावाने त्याची बाटली असतेच, त्याला चहा पाजा आणि थोडं मागून घ्या.

कापसाचा बोळा वापरू नका, तंतू मागे राहतात. जुनी धुतलेली सुती बनियान किंवा चष्मा पुसायचं कापड घ्या. आधी कोरड्याने बराचसा थर उचला, मग ओल्याने पुसा. दगडासारखी वाळलेली असेल तर ओलं फडकं वर ठेवून पाच मिनिटं बसा. ही पाच मिनिटं कुणाला बसवत नाहीत, म्हणून मग स्क्रू ड्रायव्हरने खरवडणं सुरू होतं. फारच चिकट असेल तर जुन्या एटीएम कार्डाची कड चालेल. पॉलिश पेपर नको, आणि तारेची घासणी तर अजिबात नको. तिचे बारीक तुकडे मदरबोर्डवर पडले की शॉर्ट झालाच समजा.

प्रोसेसरवर कोरलेल्या अक्षरांत थोडी पेस्ट राहिली, तांब्यावर डाग राहिला, तर राहू द्या. काही जण तिथे आरशासारखी चमक आणायला तासभर घासत बसतात. त्याचा उपयोग शून्य.

हीटसिंक पाण्याने धुतला तर चालतो, पंखा वेगळा काढून. आपल्या बोअरच्या पाण्याचे पांढरे डाग तळाला पडतात, ते शेवटी आयपीएने पुसा आणि पात्यांमधलं पाणी पूर्ण सुकल्याशिवाय बसवू नका.

नवी पेस्ट मधोमध तुरीच्या दाण्याएवढी पुरते. पेस्टचं काम दोन धातूंमधली हवा घालवायचं आहे, आणि स्वतः पेस्ट तांब्याच्या मानाने फारच कमी उष्णता वाहून नेते. जाड लावली की ती मधली अडचणच होते. जुन्या पेस्टवर नवी लावणं, किंवा उचललेला हीटसिंक तसाच परत ठेवणं, दोन्ही सारखंच वाईट. मधे हवेचे फुगे राहतात. टूथपेस्ट लावणाऱ्यांना मी दुकानात चहा विचारत नाही.

बसवताना इंटेलच्या हीटसिंकच्या चार कोपऱ्यांतल्या काळ्या खिट्ट्या बघा. काढताना त्या बाणाकडे फिरवलेल्या असतात. उलट फिरवून मूळ जागी आणल्याशिवाय दाबल्या तर बसल्यासारख्या वाटतात, पण धरत नाहीत. समोरासमोरच्या दाबा, टक्क आवाज ऐका, आणि बोर्डाच्या मागून चारही टोकं बाहेर आली का ते पाहा.

तापमान बायोसमध्ये, म्हणजे मशीन सुरू होताना उघडता येणाऱ्या सेटिंगच्या पडद्यावर, बघा, पण महिना लक्षात ठेवून. नवतपात खोलीच ४२ वर असेल तर पंख्याचा हीटसिंक प्रोसेसरला त्याच्या खाली नेऊ शकत नाही. डिसेंबरचा आकडा मे महिन्यात दिसला नाही म्हणून पेस्ट पुन्हा काढायला बसू नका.

आणि सुरू करताच 'सीपीयू फॅन एरर' आलं, तर पंख्याची वायर लावायची राहिली आहे किंवा चुकीच्या ठिकाणी लावली आहे. ती 'सीपीयू फॅन' लिहिलेल्या पिनांवरच लावायची. रोज सकाळी एफ१ दाबून पुढे जाणारे महाभाग आहेत, तसं करू नका.