पूल्ड आरएनएआय स्क्रीन: आधी पेशींचा हिशेब

पूल्ड आरएनएआय स्क्रीनमध्ये हजारो शॉर्ट हेअरपिन आरएनए (ठरावीक जनुक दाबणारे आरएनएचे छोटे, दुमडलेले तुकडे) लेंटिव्हायरस या वाहक विषाणूच्या एकाच मिश्रणातून पेशींमध्ये सोडले जातात आणि काही आठवड्यांनी कोणत्या हेअरपिनचे प्रमाण घटले, कोणत्याचे वाढले, हे सिक्वेन्सिंगने मोजले जाते. माझी पहिली स्क्रीन फसली, तेव्हा दोष लायब्ररीचा, म्हणजे हेअरपिनच्या संचाचा, असेल असे मी धरून चाललो होतो. प्रत्यक्षात चूक साध्या भागाकाराची होती.

आमच्या लायब्ररीत सुमारे १०,००० हेअरपिन होते. प्रत्येक हेअरपिन किमान १,००० पेशींत असावा, असे ठरवले की संसर्ग झालेल्या १ कोटी पेशी लागतात. एका पेशीत शक्यतो एकच हेअरपिन जावा म्हणून विषाणूचे प्रमाण पेशीमागे ०.३ इतके कमी ठेवतात, आणि त्या प्रमाणात जेमतेम २६ टक्के पेशींना संसर्ग होतो. त्यामुळे प्रत्येक रेप्लिकेटची (त्याच प्रयोगाच्या समांतर आवृत्तीची) सुरुवात जवळपास ४ कोटी पेशींनी करावी लागते.

एवढे मी पाळले होते. संसर्ग न झालेल्या पेशी मारणाऱ्या प्युरोमायसिनची मात्रा त्याच पेशींवर आधी ठरवली होती, निवड पूर्ण होताच आरंभीचा नमुनाही गोठवला होता (तो राहून गेला, तर शेवटच्या आकड्यांची तुलना कशाशी करणार?), आणि प्रत्येक पॅसेजला (वाढलेल्या पेशी नव्या भांड्यात नेताना) पेशी मोजून १ कोटीहून कमी पुढे नेल्या नव्हत्या. घोळ झाला तो डीएनएच्या टप्प्यावर. मानवी द्विगुणित पेशीत सुमारे ६.६ पिकोग्रॅम डीएनए असतो, म्हणजे १ कोटी पेशींचा ६६ मायक्रोग्रॅम. हाती थोडा कमीच येतो. मी सवयीप्रमाणे त्यातला १ मायक्रोग्रॅम घेऊन एका ट्यूबमध्ये पीसीआर (डीएनएच्या प्रती वाढवण्याची प्रक्रिया) लावली. १ मायक्रोग्रॅम म्हणजे दीड लाख पेशी, अर्थात हेअरपिनमागे अवघ्या १५. तीन आठवडे जपलेले हजारपट कव्हरेज (हेअरपिनमागे हजार पेशी) पिपेटच्या एका थेंबात गेले आणि रेप्लिकेटचे आकडे एकमेकांशी जुळेनात. उरलेला डीएनए टाकून दिला नव्हता म्हणून निभावले. तो सगळा प्रत्येकी ४ मायक्रोग्रॅमप्रमाणे पंधरा ट्यूबांत वाटला, शक्य तितक्या कमी चक्रांत वाढवला आणि मग एकत्र केला, तेव्हा कुठे रेप्लिकेट जुळू लागले.

आकडे जुळले तरी त्यांतून निघालेल्या जनुकांच्या यादीवर लगेच विश्वास ठेवू नये. हेअरपिनपासून तयार होणाऱ्या मार्गदर्शक धाग्यातील दुसऱ्या ते आठव्या न्यूक्लिओटाइडचा सीड भाग इतर जनुकांच्या आरएनएशीही जुळू शकतो, आणि मग लक्ष्य नसलेलेच जनुक दबते. म्हणून एका जनुकासाठी अनेक हेअरपिन असतात आणि निदान दोन-तीन हेअरपिनांनी एकच परिणाम दाखवल्याखेरीज ते जनुक पुढच्या तपासणीला घेत नाहीत. हेअरपिनला दाद न देणारी त्याच जनुकाची प्रत पेशीत घालून मूळ स्थिती परत येते का, हे पाहणे माझ्या मते सर्वांत खात्रीचे. आमच्या यादीत अगदी वर असलेले जनुक एकाच हेअरपिनच्या जोरावर तिथे पोहोचले होते. उरलेल्या चारांनी पेशींवर काहीच परिणाम केला नव्हता, तेव्हा ते जनुक आम्ही वगळले.